बंदुकीची नळी : धक्का आणि पसारा



आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या भिंतीवर, दोन खुंट्यांच्या आधाराने, एक दुनळी बंदूक आडवी टांगलेली असे. ती कुणी उडवलेली मी कधी पाहिली नाही. दसऱ्याला तेवढी ती खाली निघे, तेलाच्या फडक्याने पुसली जाई, तिला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाई, आणि पुन्हा ती खुंट्यांवर चढे. मी आजोबांना विचारी, "आजोबा, ही उडवीत का नाही?" आजोबा म्हणत, "तिचा हिशेब चुकला रे एकदा." बंदुकीला कसला आलाय हिशेब, असे मला त्या वयात वाटे. पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो, गेली वीस वर्षे कॉलेजात तेच शिकवीत आहे, आणि आता कळते की बंदुकीत हिशेबावाचून दुसरे काही नसतेच. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. आजोबांचा कुठे चुकला, तेही ओघाने येईल.

ही बंदूक छऱ्यांची. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात आणि तिच्यातून एकच गोळी फिरकी घेत सुटते. छऱ्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि एका काडतुसातून शेदोनशे छर्रे एकदम बाहेर पडतात. आपण हिला 'बारा बोअरची' म्हणतो. हे बारा म्हणजे काय? इंच नव्हेत आणि मिलिमीटरही नव्हेत. एक रत्तल, म्हणजे एक पौंड शिसे घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. अशी एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर भरतो. एका पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी बारीक होते. या उलट्या मापाने पुष्कळजण फसतात.

आता धक्क्याचा विचार करू. तुम्ही होडीतून काठावर उडी मारता तेव्हा होडी मागे सरते. तुम्ही पुढे गेलात, तिला मागे जाणे भाग पडले. न्यूटनने १६८७ साली छापलेल्या ग्रंथात हा नियम मांडला, पण आमच्या खाडीवरच्या तरीवाल्यांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून पायांनी ठाऊक होता. बंदुकीत उडी मारतात ते छर्रे, आणि होडी म्हणजे बंदूक. वस्तुमान गुणिले वेग या गुणाकाराला आपण संवेग म्हणतो. नळीतून पुढे जेवढा संवेग गेला तेवढाच मागे बंदुकीला मिळतो. यात दयामाया नाही आणि सूटही नाही.

कागद-पेन्सिल असेल तर माझ्याबरोबर मांडून पाहा. बारा बोअरच्या एका नेहमीच्या काडतुसात ३२ ग्रॅम छर्रे असतात. ते सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने बाहेर पडतात. त्यांच्यामागे दोनतीन ग्रॅमची चकती असते, तिला वॉड म्हणतात. आणि दोनएक ग्रॅम दारूचा वायू होतो, तो छऱ्यांहूनही वेगाने सुटतो. या तिघांचा संवेग मिळून, किलोग्रॅम आणि मीटर या मापांत, जवळजवळ १५ येतो. बंदूक ३ किलोची धरा. पंधराला तिनाने भागले की ५. म्हणजे बंदूक सेकंदाला ५ मीटर वेगाने तुमच्या खांद्याकडे निघते. तिची ऊर्जा होते सुमारे ३७ जूल. एक किलोचे वजन पावणेचार मीटर उंचीवरून खाली पडले तर जमिनीला जो तडाखा देईल, तेवढी ही ऊर्जा. खांद्यावर निळा डाग का उठतो, ते आता सांगायला नको.

आणखी एक गंमत. धक्का छर्रे बाहेर पडल्यावर बसतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. छर्रे नळीत पुढे धावू लागले की त्याच क्षणी बंदूक मागे निघते. छर्रे नळीच्या तोंडाशी येईपर्यंत ती पाऊण सेंटिमीटर मागे आलेली असते. हे सारे सेकंदाच्या तीनचार सहस्रांशात घडते, म्हणून आपल्याला त्याची संगती लागत नाही.

मग नळीची घडण बदलून हा धक्का कमी करता येईल का? वर्गात मी हा प्रश्न टाकतो तेव्हा मुले उत्साहाने हात वर करतात. त्यांची उत्तरे एकेक घेऊ.

पहिले उत्तर, नळी लांब करा. काळ्या दारूच्या काळात लांब नळीला अर्थ होता, कारण ती दारू सावकाश जळे. आताची धूररहित दारू नळीच्या पहिल्या हातभर लांबीच्या आतच जळून जाते. २८ इंची नळी ३२ इंची केली तर छऱ्यांचा वेग फार तर सेकंदाला दहाएक मीटरनी वाढतो. चारशेत दहा! संवेगात म्हणण्यासारखा फरक नाही. लांब नळीने बंदूक जड झाली तर धक्का घटतो खरा, पण ती करामत लांबीची नसून वजनाची. उलट नळी आखूड केली की बंदूक हलकी होते, आवाज कानाजवळ येतो, आणि माणूस म्हणतो, "काय दणका आहे हिचा!" त्या दणक्यातला अर्धा कानाला बसलेला असतो.

दुसरे उत्तर, नळीच्या तोंडाजवळ भोके पाडा म्हणजे वायू वर निघून जाईल. तोफांना आणि जोरकस रायफलींना या युक्तीचा मोठा फायदा होतो, कारण त्यांच्यात दारू पुष्कळ असते आणि नळीच्या तोंडाशीही वायूचा दाब जबर असतो. छऱ्यांच्या बंदुकीत दारू दोन ग्रॅम, आणि तोंडाशी येईपर्यंत तिचा जोर बराच ओसरलेला. भोकांनी नळीचे तोंड वर उसळणे थोडे कमी होते; खांद्यावरचा धक्का फारसा कमी होत नाही. शेजारी उभ्या राहिलेल्याच्या कानठळ्या मात्र बसतात.

तिसरे उत्तर जाणत्यांचे. काडतुसाची जागा नळीपेक्षा किंचित रुंद असते, तिथून नळीत शिरताना एक उतार असतो. तो लांबट आणि सौम्य करा, किंवा नळीच आतून जरा रुंद कोरा. याने छर्रे कमी चेपतात आणि पसारा सुधारतो, हे खरे. पण छर्रे तेवढेच आणि वेगही तोच असेल तर मागे येणारा संवेगही तोच. होडीच्या फळीला कितीही तेल लावा, उडी तीच असली तर होडी तेवढीच मागे सरणार.

तर मग उपाय काय? छर्रे कमी किंवा बंदूक जड. बर्मिंगहॅमचा बंदूक कारागीर ग्रीनर याच्या नावाने एक जुना ठोकताळा चालत आला आहे : बंदुकीचे वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. ३२ ग्रॅमला ९६ ने गुणले की ३ किलोंच्या थोडे वर जाते. आताच्या ऑलिंपिक नेमबाजीत काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत आणि बंदुका साडेतीन किलोंच्या वर असतात. आपला मघाचा हिशेब यांना लावला की धक्क्याची ऊर्जा ३७ जुलांवरून विसाच्या घरात येते, जवळजवळ निम्मी. म्हणून तर ते खेळाडू प्राथमिक फेरीत सव्वाशे तबकड्यांवर बार काढू शकतात. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये मिळवले. त्या पदकांमागे नजर आणि हात होतेच, पण हजारो धक्के पचवलेला खांदाही होता.

नळीच्या जागेचाही थोडा परिणाम होतो, बरं का. नळी खांद्याच्या रेषेच्या वर असते, म्हणून धक्का नुसता मागे न जाता तोंड वर उचलतो. दुनळीत नळ्या शेजारीशेजारी असल्या तर उजवीचा बार बंदूक उजवीकडे ढकलतो, डावीचा डावीकडे. चांगला कारागीर हे जाणून दोन्ही नळ्या तोंडाशी किंचित एकमेकींकडे झुकवून जोडतो. एकावर एक नळ्या असल्या तर खालची आधी उडवतात, कारण ती खांद्याच्या रेषेला जवळ असते. आणि दस्ता खांद्यात घट्ट रोवला तर शरीराचे वजन बंदुकीच्या मदतीला येते; सैल धरला तर बंदूक वेग घेऊन आदळते. कुणाच्या हाती बंदूक देताना ही एक गोष्ट न सांगणारा माणूस त्याच्याशी वैर करतो.

आता पसाऱ्याकडे वळू. आमच्या बंदुकीची डावी नळी तोंडाशी आवळलेली होती. याला चोक म्हणतात. आवळलेली म्हणजे किती? पूर्ण चोक म्हटला तरी अवघा एक मिलिमीटर! डोळ्यांना तो दिसतही नाही. १८६६ साली न्यूकॅसलच्या पेप नावाच्या कारागिराने त्याचे पेटंट घेतले. अमेरिकेतही त्याच सुमारास काहींनी ही युक्ती साधली होती. पुढे ग्रीनरने ती पक्की केली, आणि १८७५ साली लंडनच्या 'फील्ड' साप्ताहिकाने घेतलेल्या चाचण्यांत चोकच्या नळ्यांनी साध्या नळ्यांना मागे टाकले.

मोजण्याची रीत साधी आहे. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांवर, मोठा कागद लावायचा आणि बार काढायचा. जिथे भोके दाट असतील तिथे ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे, आणि आतली भोके मोजायची. साध्या नळीचे शेकडा ४० छर्रे वर्तुळात पडतात, अर्ध्या चोकचे ६०, पूर्ण चोकचे ७०. आजोबा चार नंबरचे छर्रे वापरीत. ३२ ग्रॅमच्या काडतुसात ते १९० च्या आसपास बसतात. म्हणजे साध्या उजव्या नळीचे ७६ छर्रे वर्तुळात, आणि आवळलेल्या डाव्या नळीचे १३३.

एक मिलिमीटरने एवढा फरक कसा पडतो? छऱ्यांचा लोंढा बाहेर पडताना त्याच्या कडेच्या छऱ्यांना आतल्या बाजूला किंचित ढकल मिळते. शिवाय मागची चकती त्या अरुंद तोंडाशी जरा अडखळते. साध्या नळीत वायूच्या जोराने चकती मागून छऱ्यांत घुसते आणि त्यांना उधळते. गर्दीच्या दारातून माणसे निघताहेत आणि मागून कुणी रेटा दिला की काय होते, तसेच. चोकने तो रेटा थोडा उशिरा येतो, आणि तोवर छर्रे पुढे गेलेले असतात.

छर्रे पांगण्याचे दुसरे कारण त्यांचे चेपणे. शिसे मऊ. बार उडताच मागच्या छऱ्यांवर पुढच्यांचा भार येतो, आणि कडेचे छर्रे नळीच्या पोलादाला घासून सपाट होतात. वाटोळा छर्रा हवेत सरळ जातो, चेपलेला भरकटतो. म्हणून शिशात अँटिमनी मिसळून ते कठीण करतात. १९६० नंतरच्या दशकात प्लॅस्टिकच्या पेल्याची चकती आली. छर्रे त्या पेल्यात बसून नळीतून जातात, त्यामुळे घासत नाहीत, आणि जुन्याच नळ्यांचे पसारे दाट झाले. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ सालापासून देशभर बंद आहेत, कारण पाण्यात पडलेले शिसे पक्षी गिळतात आणि विषाने मरतात. त्याऐवजी पोलादी छर्रे आले. ते चेपत नाहीत, म्हणून दाट जातात. पण जुन्या पातळ नळीच्या पूर्ण चोकमधून उडवले तर तोंडाशी नळीलाच फुगवटा येऊ शकतो. जुनी बंदूक आणि नवे काडतूस यांची सोयरीक जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय जुळवू नये.

इथे दोन समजुती खोडून काढायला हव्यात. पहिली, चोकच्या नळीचा धक्का जास्त. आजोबाही तसे म्हणत. पण चोकने छऱ्यांचा वेग बदलतो तो सेकंदाला काही थोडे मीटर, मग धक्का वाढेल कुठून? खरे कारण निराळे आहे. दुनळीचा पुढचा चाप उजव्या, मोकळ्या नळीचा असतो आणि मागचा डाव्या, आवळलेल्या नळीचा. कारण दुसऱ्या बारापर्यंत पक्षी लांब गेलेला असतो. म्हणजे डावीचा बार बहुधा दुसरा. तोवर खांदा दुखावलेला असतो आणि दस्ता जागचा हललेला असतो. दोष दुसऱ्या नंबराचा, बिल चोकच्या नावावर.

दुसरी समजूत याहून वाईट. नळाच्या रबरी पाइपचे तोंड बोटाने दाबले की पाणी लांब उडते. म्हणून लोकांना वाटते, आवळलेली नळी छर्रे लांब फेकते आणि साधी नळी जवळ. हे साफ चूक आहे. पाण्याचा वेग तोंड आवळल्याने वाढतो, छऱ्यांचा वाढत नाही. एकटा छर्रा दोन्ही नळ्यांतून सारखाच लांब जातो. चार नंबरचा छर्रा नळी वर उचलून उडवली तर दोनशे मीटरांच्याही पलीकडे पडतो. डुकरासाठी वापरतात ते मोठे छर्रे सहाशे मीटरांपलीकडे जातात. चोकने बदलते ती फक्त दाटी. चाळीस यार्डांची बंदूक म्हणजे चाळीस यार्डांपर्यंत नेम धरण्याजोगी बंदूक. चाळीस यार्डांनंतर निरुपद्रवी होणारी नव्हे.

आता आजोबांचा हिशेब.

१९६४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मला ती आजीने सांगितली. आजोबांनी कधीच सांगितली नाही. त्या काळी परवान्याने शिकार चाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायला अजून अवकाश होता. आजोबा भल्या सकाळी खाडीवर बदकांच्या पाळतीवर बसले होते. थवा उठला आणि पाण्याला लगटून निघाला. पलीकडच्या काठावर, ओहोटीच्या चिखलात, कालवे काढणाऱ्या दोघी बाया वाकलेल्या होत्या. अंतर दीडशे पावले असेल. आजोबांना त्या दिसल्या होत्या. त्यांनी विचारही केला. उजवी नळी पसरट, ती नको. डावीचे छर्रे मुठीसारखे जातात, शिवाय एवढ्या लांब काही पोचत नाही, असा विचार करून त्यांनी मागचा चाप ओढला.

दोन बदके पडली. पलीकडे एक बाई डोळा धरून खाली बसली.

एकच छर्रा. तो सरळ गेला, की पाण्यावर आपटून उसळला, हे कुणालाच सांगता आले नाही. उथळ कोनातून पाण्यावर आदळलेला छर्रा उसळतो, हेही त्या दिवशी सगळ्यांना कळले. आजोबांनी होडी घातली, तिला स्वतः रत्नागिरीला नेले. जीव वाचला, डोळा गेला. पुढे दर वर्षी भात झोडून झाले की तिच्या घरी दोन खंडी भात पोचते होई, ते आजोबा १९९१ साली जाईपर्यंत. ती बाई दिवाळीला आमच्याकडे कालवे घेऊन येई. मी तिला पाहिलेली आहे. ती अंगणात बसे, आजी तिच्याशी बोले, आणि आजोबा तेवढ्या वेळात गोठ्याकडे निघून जात. आजोबा गेल्यावर वडिलांनी बंदूक पोलिसांत जमा केली.

आजोबांचे गणित कुठे चुकले? त्यांनी शंभरातले ७० मोजले. उरलेले ३० मोजले नाहीत. पूर्ण चोकच्या त्या डाव्या नळीतूनही १९० पैकी सत्तावन्न छर्रे वर्तुळाबाहेर जातात, आणि तेही चाळीस यार्डांवर. दीडशे पावलांवर तर वर्तुळात कितीसे उरले असतील? बाहेर गेलेला छर्रा नाहीसा होत नाही. तो कुठेतरी जाऊन पडतोच. कारागीर आपल्या नळीची थोरवी सांगताना किती छर्रे आत पडले ते सांगतो, आणि ते रास्तच आहे. पण चाप ओढणाऱ्याने दुसरा आकडाही मनात धरला पाहिजे.

बंदूक माझ्या हाती आता नाही, आणि तुमच्यापैकी फार थोड्यांच्या हाती असेल. ज्यांच्याकडे पीकरक्षणाच्या परवान्याची आहे, त्यांना एवढेच सांगणे : एकदा मातीच्या उंच बांधाला कागद लावून, मागे कुणी नाही याची खात्री करून, आपल्या दोन्ही नळ्यांचा पसारा स्वतः मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, आत पडलेले आणि बाहेर गेलेले. धक्का काय, तो आपल्या खांद्याला बसतो, चार दिवसांत दुखायचा थांबतो. पसारा मात्र दुसऱ्याच्या अंगणात जातो.